पालाशाचा हिशेब

शेतकऱ्याच्या ओसरीवर पडलेल्या खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन द्रव्यांचे प्रमाण ठळक अक्षरांत छापलेले असते. आणि जीर्ण मूत्रपिंडविकाराने गाठलेल्या माणसाच्या हाती आहारतज्ज्ञ जो कागद ठेवतात, त्यावर ज्या तीन द्रव्यांपासून जपून राहण्याची ताकीद दिलेली असते तीही, नावे जरा आधुनिक केलेली असली तरी, नेमकी हीच असतात. प्रथिनांतून येणारे नत्र, फॉस्फरस म्हणजे स्फुरद आणि पोटॅशियम म्हणजे पालाश. यात योगायोगाचा अंश नाही. वनस्पती आपल्या वाढीसाठी जे जमिनीतून उचलते तेच आपण वनस्पतीकडून उचलतो, गरजेपुरते ठेवून घेतो आणि उरलेल्याची मूत्रपिंडांकरवी बाहेर रवानगी करतो. हा कारभार सुरळीत चालला असेल तोवर पोत्यावरचे आकडे शेतकऱ्याने वाचावेत आणि आपण निश्चिंत जेवावे. तो ढिला पडला, की मात्र त्याच आकड्यांशी रोग्याची आणि त्याच्या घरी स्वयंपाक करणाराची रोजची गाठ पडते.

त्या कागदावर ‘कंदमुळे वर्ज्य’ अशी एक ओळ बहुधा असतेच, आणि या ओळीविषयी माझी तक्रार आहे. ती वाचून बटाटा जातो, रताळे जाते, सुरण, अळकुडी, गाजर, बीट, मुळा ही सगळी मंडळी एका फटक्यात पानावरून उठतात, आणि अतिसावध घरांत तर कांद्यावरही गंडांतर येते. मग रोगी दुधी आणि पडवळ यांवर काही आठवडे काढतो, आणि एके दिवशी कंटाळून बटाटेवड्याची एक अख्खी बशी संपवून मोकळा होतो. सरसकट मनाईचा शेवट बहुधा असाच होतो. वास्तविक वरच्या तीन आरोपांपैकी दोहोंतून कंदवर्ग जवळजवळ निर्दोष सुटतो. शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिने दोन ग्रॅमच्या आसपास आणि स्फुरद साठ मिलिग्रॅमच्याही आत. डाळी, दूध, सुकामेवा आणि मांस यांच्या तुलनेत हे प्रमाण क्षुल्लकच म्हटले पाहिजे. राहता राहिला पालाश, आणि त्याच्याबाबत मात्र कंदांची बाजू लंगडी आहे.

पालाशाचे वनस्पतीशी नाते फार जुने आहे. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली विजेच्या साह्याने पोटॅशियम हा धातू प्रथम वेगळा केला तो पोटॅशपासून, आणि पोटॅश म्हणजे मुळात लाकडाच्या राखेतून पाण्याने काढलेला क्षार. वनस्पतीच्या पेशींत धनभारित द्रव्य म्हणून मुख्यतः पोटॅशियमच वावरत असते, आणि जो कंद पुढच्या पिढीची शिधासामग्री म्हणून जमिनीखाली भरून ठेवलेला असतो, त्यात ते विपुल असावे हे ओघानेच आले. शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, रताळ्यात ३४० च्या घरात, अळकुडीत ५९०. आणि कोनफळ ज्या कुळातले त्या कुळातील काही कंदांत तर हा आकडा आठशेच्याही पुढे जातो. उलट मुळ्यात तो २३० च्या आसपास, सलगमात दोनशेच्याही आत आणि कांद्यात दीडशेला टेकतो. गाजर आणि बीट मधे, ३२० च्या आगेमागे. जमीन, जात आणि साठवण यांप्रमाणे या आकड्यांत तफावत पडते हे खरे. परंतु कांदा आणि कोनफळ यांना एकाच हुकमाने हद्दपार करणे अन्यायाचे आहे, एवढे समजण्यास ते पुरेसे आहेत.

आता या पोटॅशियमने मूत्रपिंड दुबळे झालेल्या माणसाचे एवढे काय बिघडते? शरीरातील एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते, आणि जेमतेम दोन टक्के रक्तात व पेशींबाहेरच्या द्रवात. हृदयाचे आणि इतर स्नायूंचे स्पंदन ज्या विद्युत्‌भारावर चालते तो या आतल्या-बाहेरच्या तफावतीवरच उभा असतो, म्हणून बाहेरची पातळी फार अरुंद मर्यादेत, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट एवढी, राखावी लागते. खाण्यातून आलेल्या जादा पोटॅशियमपैकी सुमारे नऊ-दशांश मूत्रावाटे जाते आणि उरलेले आतड्यावाटे. मूत्रपिंड मंदावले की आतडे आपला वाटा थोडा वाढवते. पण सगळा भार पेलणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. पातळी साडेपाचाच्या पुढे सरकली की डॉक्टर सावध होतात. साडेसहाच्या पुढे गेली की धावपळ सुरू होते. हृदयाच्या विद्युत्-आलेखातील एरवी सौम्य वळणाची टी-लहर उंच आणि टोकदार होते, आणि पुढे हृदयाचा ठेकाच चुकू लागतो. यातील कपटाचा भाग असा, की रोग्याला कित्येकदा काहीच जाणवत नाही. पायांतील त्राण गेल्यासारखे वाटणे, धडधडणे ही लक्षणे असली तर असतात, नसली तर नसतात. म्हणून ‘मला बटाटा बाधत नाही’ हे विधान या बाबतीत पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही. दाखला रक्ततपासणीचाच लागतो.

आणि तोच दाखला उलट बाजूनेही मानला पाहिजे. मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला साठ मिलिलिटरच्या खाली तीन महिने राहिली, की जीर्ण विकाराचे निदान होते. परंतु साठ ते पंधरा आणि त्याखालीही अशा पायऱ्यांपैकी वरच्या पायऱ्यांवरील पुष्कळ रोग्यांचे पोटॅशियम अगदी मर्यादेत असते, आणि त्यांनी भाज्या टाकण्याचे कारण नसते. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने सर्वांसाठी एकच आकडा मुक्रर न करता, रक्तातील पातळी प्राकृत राहील अशा बेताने आहारातील पोटॅशियम ठेवावे, असे सांगितले आहे. अनाठायी वर्ज्य केलेल्या भाजीबरोबर तंतू जातात, बद्धकोष्ठ वाढते, आणि बद्धकोष्ठाने आतड्यावाटे जाणारे पोटॅशियमही अडते. उलट, ज्याची पातळी चढते त्याच्या बाबतीत भाजी हा अनेक आरोपींपैकी एकच असतो. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधे, स्पायरोनोलॅक्टोन, अनावर मधुमेह, रक्तातील वाढलेली आम्लता ही बाकीची मंडळी. (यांतील औषधे रोग्याने परस्पर बंद करू नयेत, ती मूत्रपिंडांच्या आणि हृदयाच्या रक्षणासाठीच दिलेली असतात.) यंत्राद्वारे रक्तशुद्धी चालू असलेल्या माणसाचे पोटॅशियम दोन बैठकींच्या मधल्या दिवसांत साचत जाते, तेव्हा त्याला हात राखून खावे लागते, पोटातील पडद्याद्वारे रोज शुद्धी करणाऱ्यास बहुधा बरीच अधिक मुभा असते.

बटाट्याच्या नशिबाचे फेरे किती चमत्कारिक आहेत, हे जर्मनीतील एका प्रकरणावरून दिसते. १९६० च्या दशकात तेथील कोफ्रानी आणि येकाट या संशोधकांनी असे दाखवून दिले, की बटाटा आणि अंडे यांचे योग्य मिश्रण केल्यास शरीराला लागणारे प्रथिन अत्यंत थोड्या नत्रात भागते. आणि त्या आधारावर क्लुथे व क्विरिन या वैद्यांनी मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रोग्यांसाठी चक्क बटाटा-अंड्याचा आहार तयार केला. कृत्रिम रक्तशुद्धीची यंत्रे तेव्हा दुर्मीळ होती, आणि रक्तातील नत्रयुक्त मळ कमी ठेवणे हाच रोग्याचे दिवस वाढवण्याचा मुख्य मार्ग होता. ज्याला आज कागदावर पहिल्याने वर्ज्य ठरवतात, तो बटाटा एके काळी याच रोगावर पथ्य म्हणून ताटात वाढला जात होता. तेव्हाच्या आणि आजच्या, दोन्ही वैद्यांचे बरोबरच होते, असे माझे मत आहे. प्रश्न कोणत्या द्रव्याचा हिशेब आधी मांडायचा एवढाच.

पालाशाचा हिशेब मांडायचा तर एक गोष्ट रोग्याच्या बाजूची आहे. हे द्रव्य पाण्यात विरघळते. म्हणून कंदातील पोटॅशियम किती पोटात जाणार हे बाजारात ठरत नाही, ते सुरी आणि पातेले यांच्या दरम्यान ठरते. येथे आपल्या स्वयंपाकघरातील एक सन्मान्य नियम आडवा येतो. भाजीचे पाणी फेकू नये, त्यात सत्त्व असते, हे आपल्याकडे मुलीला चूल हाती देतानाच शिकवलेले असते. आमच्या परिचयाच्या एका घरी सासऱ्यांचे पोटॅशियम ५.८ वर गेले, तेव्हा सून बटाट्याच्या बारीक फोडी उकळून पाणी मोरीत ओतीत असताना सासूबाई कळवळून म्हणाल्या, “अगं, सगळं सत्त्व चाललंय मोरीत!” त्यावर सून पातेले तसेच तिरपे धरून म्हणाली, “आई, डॉक्टरांनी तेच ओतायला सांगितलंय.” दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियम आणि काही जीवनसत्त्वेही जातात, म्हणूनच हा उपाय निरोगी माणसांच्या भाजीवर करू नये आणि रोग्याची वाटी वेगळी काढावी.

उपायाचे तंत्र मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात एक गैरसमज चांगलाच मुरलेला आहे. चिरलेला बटाटा रात्रभर थंड पाण्यात ठेवला की पोटॅशियम निघून जाते, असे पुष्कळ कागदांवर छापलेले असते. अमेरिकेतील बेथके आणि जान्स्की यांनी २००८ मध्ये याची परीक्षा केली, तेव्हा नुसत्या भिजवण्याने म्हणण्यासारखी घट झाली नाही. चौकोनी फोडी उकळल्या असता सुमारे निम्मे पोटॅशियम गेले, आणि किसून उकळला असता सुमारे तीन-चतुर्थांश. कारण उघड आहे. कच्च्या कंदातील पेशींचे पटल शाबूत असते आणि ते आपला ऐवज सहजासहजी सोडीत नाही; थंड पाण्यात निघते ते चिरताना फुटलेल्या पेशींतले तेवढे. उष्णतेने पटल मोडले की आतला क्षार पाण्यात उतरतो, आणि तुकडे जितके लहान तितकी त्याची वाट जवळची होते. तेव्हा साल काढावी, फोडी अर्ध्या बोटाहून जाड ठेवू नयेत, पाणी भाजीच्या निदान पाचपट घ्यावे, चांगले उकळून ते सगळे ओतून द्यावे आणि जमल्यास नव्या पाण्यात पुन्हा एक उकळी द्यावी. मग फोडणी, हळद, कढीलिंब, ओले खोबरे चवीपुरते. शंभर ग्रॅमांतले ४२० मिलिग्रॅम अशा रीतीने फोडींत दोनशेच्या आसपास येतात, आणि किसात शंभराच्या. बटाट्याचा कीस आपल्याकडे पाण्यात टाकून पिळून घेण्याची चाल पूर्वीपासून आहेच. त्यात उकळीची भर घातली की झाले. तो मग तितका कुरकुरीत होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता याच्या उलट प्रकार पाहावेत, म्हणजे नित्याच्या सवयींत कोठे फसगत होते ते कळते. कुकरमध्ये सालासकट अख्खा उकडलेला बटाटा आपला पालाश जवळजवळ सगळा राखून असतो; आणि आपल्या बटाटेवड्याचा, पिवळ्या भाजीचा, पावभाजीचा बटाटा असाच शिजलेला असतो. रस्सा भाजीत फोडींतून निघालेला क्षार रश्श्यातच राहतो, आणि भाताबरोबर रस्सा आधी संपतो. निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्यातून फक्त पाणी उडते, म्हणून घासागणिक पोटॅशियम उलट वाढते. सर्वांत वरचढ बटाट्याचे वेफर. त्यांत शंभर ग्रॅमांमागे हजार मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असते, आणि मीठ निराळे. मिठावरून आठवले. रक्तदाबासाठी म्हणून जे कमी सोडियमचे मीठ विकले जाते त्यात सोडियमची जागा पुष्कळदा पोटॅशियम क्लोराइडने भरलेली असते, आणि या क्षाराच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. दोनदा उकळून, पाणी ओतून, घाम गाळून तयार केलेल्या भाजीवर ते मीठ भुरभुरवणे म्हणजे पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत घेणे होय. सैंधव त्या मानाने साधे मीठच, म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइड. त्याला उपवासाचे पावित्र्य लाभले असले तरी रक्तदाबाला त्याची ओळख पटत नाही.

उपवासाचे नाव निघाले म्हणून एकादशीचा विचार विस्ताराने करणे भाग आहे. मराठी घरांतील मूत्रपिंडाच्या रोग्याला आषाढी आणि महाशिवरात्र हे दिवस दिवाळीपेक्षा अधिक जोखमीचे असतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपण स्वतःविषयीच फार पूर्वी म्हणून ठेवले आहे. त्या दिवशी धान्ये वर्ज्य, आणि त्यांच्या जागी बटाटा, रताळे, साबुदाणा, शेंगदाणा. यांतील प्रत्येक पीक दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे, समुद्र ओलांडून आलेले, आणि तरी फराळाच्या ताटात त्यांचा मान जोंधळ्या-तांदळाहून वरचा, हे आमच्या धर्मशास्त्राच्या औदार्याचे लक्षण आहे.

या चौघांपैकी साबुदाणा हा कॅसाव्हा नावाच्या कंदाच्या पिठूळ सत्त्वाचा केलेला दाणा. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्याचा मोठा धंदा आहे. कंद किसून, धुऊन, त्याचे सत्त्व तेवढे खाली बसू देऊन तो करतात, त्यामुळे पाण्याबरोबर पालाशही केव्हाच निघून गेलेला असतो, आणि प्रथिन व स्फुरद तर नावालाच. पचायला जड, मधुमेह्याला अडचणीचा, पण मूत्रपिंडाच्या हिशेबी निरुपद्रवी. खिचडीत खरी ग्यानबाची मेख आहे ती दाण्याच्या कुटात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पोटॅशियम सातशेच्या घरात, स्फुरद पावणेचारशे आणि प्रथिन पंचवीस ग्रॅम. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही द्रव्ये ज्यात एकत्र नांदतात ते हेच. एका माणसाच्या खिचडीत पन्नास ग्रॅम बटाटा आणि तीस ग्रॅम कूट धरले तर चारशेवर मिलिग्रॅम पोटॅशियम होते. दुपारी एक रताळे भाजून, म्हणजे आणखी पाचशे. उन्हाचे शहाळे, म्हणजे सहाशे. एक केळे, साडेतीनशे. आणि येता-जाता मूठ-मूठ वेफर. ज्याला दिवसाकाठी दोन हजारांची मर्यादा घालून दिलेली आहे त्याची शिल्लक दिवेलागणीच्या आतच संपते, आणि घरातील सर्वांची समजूत मात्र अशी, की आज आजोबांनी काही खाल्ले नाही.

यावर तोड आहे. साबुदाणा ठेवावा, कुटाचा हात अगदी आखडता घ्यावा, बटाटा उकळून पाणी ओतलेला घालावा, वरीच्या तांदळाला अधिक जागा द्यावी, शहाळे आणि खजूर यांना नमस्कार करून पुढे जावे. व्रताचा भंग यात कोठे होतो असे मला वाटत नाही. आजारी माणसाला धर्मानेच सवलत दिलेली आहे, आणि ती घेण्यात बहुधा घरच्या वडीलधाऱ्यांचा संकोच तेवढा आड येतो.

कंदांवरचा दुसरा आरोप ऑक्झलेटचा. सुरण किंवा अळकुडी चिरताना हात खाजतो आणि कच्ची राहिल्यास घसा धरतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आमसूल किंवा चिंच घालण्याची आपली रीत त्यावरच्या अनुभवातून आली. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत. परंतु विरघळणारे ऑक्झलेटही कंदांत असते, ते रक्तात शोषले जाते, आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता आले नाही तर तेथेच साचते. उकळून पाणी ओतण्याने याचाही भाग कमी होतो, म्हणजे एका श्रमात दोन कामे. कोकणात आणि ठाणे-पालघरच्या रानांत कडू करांदे राख घालून उकडतात. कडवटपणा जातो हे खरे, पण राख म्हणजे मुळातच पालाशाचे आगर, तेव्हा रोग्याने त्या पंक्तीला बसू नये.

बीटाविषयी मात्र जरा स्पष्ट बोलले पाहिजे. कोशिंबिरीतील चार चकत्यांनी कोणाचे काही जात नाही. परंतु सकाळी उठून बीट-गाजराचा पेलाभर रस पिण्याची जी हल्लीची आरोग्यवंत टूम आहे, तिच्यात चार-पाच मुळांचा पालाश आणि ऑक्झलेट एका घोटात येतात आणि तंतू तेवढे गाळणीत राहतात. अशा रसांच्या अतिरेकाने मूत्रपिंडात ऑक्झलेट साचून ती निकामी झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. रक्त वाढते म्हणून तो रस पिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की या विकारातील पांडुरोगाचे मुख्य कारण मूत्रपिंडांतून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडणे हे असते, आणि लोह कमी असले तरी ते बीटाच्या लाल रंगाने भरून निघत नाही. तो रंग काहींच्या लघवीत उतरतो आणि घरात उगाच घबराट होते, एवढेच.

राहिली ती मुळे, जी भाजी म्हणून घरात येत नाहीत, औषध म्हणून येतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्स येथे, कृश होण्यासाठी वनौषधींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे एकामागून एक झपाट्याने निकामी होऊ लागली. शोध घेता असे आढळले, की एका चिनी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच मुळी त्या चूर्णात आलेली होती. शंभरावर रोगी झाले, कित्येकांना रक्तशुद्धीच्या यंत्रावर किंवा रोपणावर जावे लागले, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या कुळातील ईश्वरी किंवा सापसंद ही वेल आपल्या रानांतही उगवते आणि तिची मुळी जुन्या औषधांत वापरलेली आहे. या मुळीतील विषारी आम्लावर फोडी, उकळी आणि ओतलेले पाणी यांचा उपाय चालत नाही. तेव्हा गावाकडच्या कोणी ‘किडनीवर रामबाण’ म्हणून मुळीची पुडी आणून दिली, तर ती देणाऱ्याचा मान राखून पुडी तशीच बांधलेली ठेवावी, आणि पुढच्या तपासणीला जाताना रक्ताच्या कागदांबरोबर तीही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.